जुना कॉम्प्युटर बसवा जागलीला

कापूस घरी यायला लागला का दोन गोष्टी हमखास वाढतात, एक उंदीर अन् दुसरी चोरीची धास्ती. यावेळच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं कॅमेऱ्याचीच निघाली, म्हणून मोबाईल हँग होण्याचे अन् ऑनलाइन अर्जाचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, राग मानू नका.

प्रश्न: नमस्कार भाऊ. भाव येईल या आशेवर पंचवीस क्विंटल कापूस समोरच्या खोलीत भरून ठेवला हाय. पोराच्या एमएससीआयटीच्या वेळी घेतलेला कॉम्प्युटर दहा वर्षापासून पोत्याखाली झाकून पडला हाय, एक वेबकॅमबी हाय. दुकानदार चार कॅमेऱ्याच्या सेटचे पंधरा हजार सांगते. ह्या भंगारातून अंगणावर नजर ठेवता येईल काय?
— एक शेतकरी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: येते काकाजी, चांगली ठेवता येते. पण आधी एक गोष्ट ऐका, तो सीपीयूचा डब्बा कापसाच्या खोलीत अजिबात ठेवू नका. जुन्या मशीनचा पंखा हवा आत ओढते, त्या हवेसोबत कापसाचे तंतू आत जातात, पॉवर सप्लायवर त्याची गादी बसते, मशीन तापते, अन् दहा वर्ष पडून राहिलेल्या त्या पॉवर सप्लायमधून एखादी ठिणगी पडली तर चोरानं नेला असता त्याहून जास्त कापूस एका रात्रीत जाईल. मशीन माजघरात ठेवा, वायर तेवढी खिडकीतून काढा. चालू करायच्या आधी डब्बा उघडून ब्रशनं धूळ काढा, रॅमची पट्टी काढून तिच्या पिवळ्या दातांवर पोराचं खोडरबर फिरवा अन् पुन्हा घट्ट बसवा. नुसतं बीप बीप वाजते, स्क्रीन काळी राहते, या दुखण्यावर बरेचदा एवढाच इलाज लागू पडते.

आता त्यात विंडोज एक्सपी नाहीतर सेव्हन असेल. एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला वाऱ्यावर सोडलं, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणं बंद केलं, सेव्हनला १४ जानेवारी २०२० ला, अन् आता विंडोज टेनचाही १४ ऑक्टोबर २०२५ ला निरोप झाला. असं सोडून दिलेलं विंडोज नेटला जोडायचं म्हणजे फाटक उघडं टाकून वावरात झोपायला जायचं. दोन मार्ग आहेत, एक तर मशीन नेटला जोडूच नका, रेकॉर्डिंग घरातच पाहा, नाहीतर विंडोज काढून त्यावर लिनक्स टाका, तेही विंडोजसारखं मशीन चालवणारं सॉफ्टवेअरच. माझं मत लिनक्सचं. त्यातलं डेबियन नावाचं लिनक्स फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून टाकता येते, २ जीबी रॅम या कामाला पुरते. मशीन लयच जुनं, ३२ बिटचं असेल तर डेबियनची बारावी आवृत्ती घ्या, कारण तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या मशीनवर नवीन डेबियन टाकायची सोय बंद झाली. वेबकॅमची सीडी हरवली म्हणून घाबरू नका, बहुतेक वेबकॅम एकाच ठरलेल्या पद्धतीनं बोलतात अन् लिनक्सला ती बोली आधीच येते, वायर खुपसली का चालू.

त्यावर मोशन नावाचा फुकट प्रोग्राम टाका. तो चोवीस तास रेकॉर्डिंग करत बसत नाही. एक चित्र घेते, पुढचं घेते, दोन्ही ताडून पाहते अन् किती ठिपके बदलले ते मोजते. ६४० बाय ४८० च्या चित्रात ३,०७,२०० ठिपके असतात, अन् मोशनमध्ये आधीच भरून आलेला आकडा १५०० आहे, म्हणजे चित्राचा साधारण अर्धा टक्का भाग हलला का रेकॉर्डिंग सुरू, अन् हालचाल थांबून ६० सेकंद शांत गेले का क्लिप बंद.

हे वाचायला छान वाटते. आमच्या घरी पहिल्या रात्रीनंतर सकाळी पाहिलं तर चारशेच्या वर क्लिपा, त्यात चोर एकही नाही. पपईचं पान, आमचं कुत्रं, बल्बाभोवतीचे पाखरं, अन् पहाटे चार वाजता मायच न्हाणीकडे जाताना. बायको म्हणे, हे पाहत बसाले आता दिवसा एक गडी ठेवा. मग मास्क लावला, म्हणजे चित्रातला जो भाग नको तो काळा रंगवलेली एक फाइल मोशनला द्यायची, तेवढ्या भागाकडे तो पाहतच नाही, पपई अशी निकालात निघाली. १५०० चा आकडा ४००० केला, अन् एकामागोमाग पाच चित्रांत हालचाल दिसली तरच धर असं सांगितलं, तेव्हा कुठं रात्रीच्या दहा-पंधरा क्लिपांवर आलं. तुमच्या अंगणाचा आकडा वेगळा येईल, तीन-चार रात्री देऊन बसवा, पहिल्याच दिवशी कंटाळून पोतं पुन्हा टाकू नका.

हे सगळं बटण दाबून करायचं असेल तर मोशन-आय नावाचं त्याचं सोपं रूप आहे, ब्राउझरमध्ये उघडते, नाव ॲडमिन अन् पासवर्ड रिकामा असते. तो रिकामा पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले असेच कंपनीचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे अन् डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारे डब्बे, ताब्यात घेतले अन् त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइटा दिवसभर अडवून धरल्या. कॅमेरेवाल्यांना पत्ताही नव्हता.

आता उजेड. लोक कॅमेऱ्याचा विचार करतात अन् उजेड विसरतात, हाच सगळ्यात मोठा घोटाळा. वेबकॅम टेबलासमोर बसलेल्या माणसासाठी बनवलेला असते. अंधार पडला का एकेक चित्र घ्यायला तो जास्त वेळ उजेड गोळा करत बसते, तेवढ्यात माणूस दोन पावलं पुढं गेलेला असते, म्हणून चालता माणूस म्हणजे नुसता धुराचा लोट दिसते. वरून त्याच्या आत इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड, अडवणारी बारकी काच असते, त्यामुळं बाजारातून इन्फ्रारेड दिवे आणून लावले तरी काही उपयोग नाही. त्यापेक्षा ९ वॉटचा साधा एलईडी बल्ब वळचणीला लावा, उजेड कॅमेऱ्याच्या मागून अंगणावर पडेल अन् येणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा. रात्री १२ तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिट. फक्त बल्ब कॅमेऱ्याच्या नाकाजवळ नको, पाखरं तिथं येतात, पाखरांमागं कोळी येते, अन् कोळ्यानं काचेसमोर जाळं विणलं का रात्रभर तेच रेकॉर्ड होते. खरं सांगू, चोर कॅमेऱ्यापेक्षा बल्बाले जास्त भेते.

वायरचं म्हणाल तर यूएसबीची वायर ५ मीटरच्या पुढं नेऊ नका, चित्र तुटते. त्यापुढं न्यायचीच असेल तर मधात ताकद देणारी रिपीटर वायर मागा. उंदरांसाठी लाइट फिटिंगचा पीव्हीसी पाइप घाला, अन् आभाळ गडगडायला लागलं का बाहेरची वायर सरळ उपसून ठेवा.

लाइट गेल्यावर काय, हा तुमच्याकडचा खरा प्रश्न. डेस्कटॉप लाइट आल्यावर आपोआप सुरू होत नाही, बटणाची वाट पाहते. मशीन चालू करताना डिलीट नाहीतर एफ टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा, पॉवरच्या पानावर लाइट जाऊन आल्यावर काय करायचं अशी एक ओळ असते, तिथं ऑन करा. मोशनही मशीनसोबत आपोआप सुरू होईल असं लावून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या, पण मॉनिटर काढून, त्याचं रोज काही काम नाही.

अन् आता बिलाचा हिशेब, जो दुकानदार अन् यूट्यूबवाले दोघंही सांगत नाहीत. असा जुना डेस्कटॉप १०० वॉट धरा. चोवीस तास चालला तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. घरचा वापर शंभर युनिटच्या आत असेल तर हा पाहुणा तुम्हाला पुढच्या महागड्या टप्प्यात ढकलते. फक्त रात्री दहा ते सहा चालवला तर महिन्याला २४ युनिट, हे परवडते. घरात जुना लॅपटॉप असेल तर डेस्कटॉपला हातच लावू नका, लॅपटॉप २० वॉटच्या आसपास घेते, म्हणजे चोवीस तासाचे महिन्याला १४-१५ युनिट, वरून त्याची बॅटरी हीच यूपीएस. झाकण लावलं का तो झोपते, ती सेटिंग तेवढी बदलावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा का कापूस विकेपर्यंत दोन-तीन महिने हा जुगाड रात्रीपुरता चालवा. बारा महिने नजर ठेवायची असेल तर मेमरी कार्डवाला एक साधा वायफाय कॅमेरा घ्या, तो चार-पाच वॉटमध्ये भागवते. हे सांगताना मलाच वाईट वाटते, कारण मला जुन्या मशीनचं लय वेड आहे. अन् जुगाडाची लाज तर मुळीच बाळगू नका, जगातला पहिला वेबकॅम असाच जमवलेला होता. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात कॉफीचं एकच भांडं होतं, जिने चढून जावं तर भांडं रिकामं, म्हणून तिथल्या लोकांनी रिकामा पडलेला एक कॅमेरा भांड्यासमोर उभा केला अन् त्याची वायर एका कॉम्प्युटरला जोडली. काळं-पांढरं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं चित्र. १९९३ ला ते इंटरनेटवर आलं अन् २००१ पर्यंत दुनिया ते भांडं पाहत होती.

प्रश्न: दादा, वरुडकडे आमचा संत्र्याचा बगीचा हाय, घरापासून दीड किलोमीटर. अंबियाचा माल झाडावर हाय अन् रोही, वानरं, माणसं तिन्हीचा त्रास. लाइन रोटेशननं येते. जुना लॅपटॉप बगीच्यात लावला तर घरी मोबाईलवर दिसेल काय?
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर: भाऊ, लॅपटॉप नका नेऊ, संत्रं राहील अन् लॅपटॉप जाईल. लाइन आठ तास येणार, तीही कधी दिवसा कधी रात्री, त्याच्या भरवशावर मशीन चालत नाही. अन् नेटचा हिशेब पाहा, अगदी साधं चित्र १ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिटनं पाठवलं तरी तासाला ४५० एमबी, दिवसाला जवळपास ११ जीबी. सिमच्या रोजच्या दीड-दोन जीबीत हे बसत नाही. सिमकार्डच्या नेटची आणखी एक भानगड आहे, हजारो गिऱ्हाईक कंपनीच्या इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळं घरून सरळ बगीच्यातल्या मशीनचा दरवाजा ठोठावता येत नाही, मशीननंच बाहेर निरोप पाठवला पाहिजे.

म्हणून तिथं जुना अँड्रॉइड मोबाईल लावा. आल्फ्रेडसारखे ॲप आहेत, हालचाल झाली तरच निरोप अन् छोटी क्लिप पाठवतात, डेटा थोडाच लागते. करंटसाठी तुमच्याकडे फवारणीचा बॅटरी पंप असेलच, त्याची बॅटरी १२ व्होल्ट ८ एएच असेल तर जवळपास ९६ वॉट-तास होतात. मोबाईल ३ वॉट घेते, गाडीतला यूएसबी चार्जर मधात लावायचा, एक रात्र आरामात निघते अन् बॅटरी निम्मीही संपत नाही. सकाळी घरी आणून चार्ज करा, फवारणीच्या दिवशी मात्र भांडण होईल.

सगळ्या बगीच्यावर नजर ठेवायच्या फंदात पडू नका, जमणार नाही. संत्रं चोरणारा दोन-चार फळं खिशात घालून नेत असेल तर नेऊ द्या, नुकसान करणारा गाडी घेऊन येते अन् गाडीला फाटकातूनच यावं लागते. तिथं एक सेन्सरवाला सोलर लाइट लावा, मोबाईल फाटकाकडे तोंड करून उंच फांदीला बांधा. माणूस आला का दिवा पेटते, दिवा पेटला का मोबाईल जागा होते. रोही मात्र कुठूनही कुपाटी तुडवून येते, त्याला फाटक समजत नाही, अन् वानरं दिवसा येतात. त्यांच्यासाठी आपली जुनी जागलच, कॅमेरा पाहते, हाकलत नाही.

उन्हाळ्यात हा प्रयोग बंद. लिथियमची बॅटरी ४५ अंशाच्या वर चार्ज करायची नसते, अन् आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढं असते, टिनाच्या डब्यात तर विचारूच नका. मोबाईलची पाठ फुगलेली दिसली तर तो त्याच क्षणी कामातून काढा.

प्रश्न: दादा, मी कापूस वेचाले जातो तेव्हा सासूबाई घरी एकट्या असतात, दोनदा चक्कर येऊन पडल्या. घरात एक जुना मोबाईल हाय, स्क्रीन फुटलेला पण कॅमेरा चांगला. वावरातून पाहता येईल काय?
— एक ताई, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर: ताई, येईल. घरात वायफाय असेल तर वर सांगितलेलं आल्फ्रेड ॲप दोन्ही मोबाईलवर एकाच खात्यानं उघडा, जुना कॅमेरा होईल, तुमचा टीव्ही. वायफाय नसेल तर जुन्यात एक सिम टाकावं लागेल. आयपी वेबकॅम नावाचं दुसरं ॲप आहे, तेही चांगलं, पण ते मुख्यतः एकाच वायफायमध्ये चालते, म्हणजे स्वयंपाकघरातून ओसरी पाहाले ठीक, वावरातून सरळ नाही.

पण सासूबाईंना आधी सांगा, दाखवा, त्यांची हो घ्या. न सांगता लावला अन् मग त्यांना कळलं तर चक्करपेक्षा मोठा प्रसंग घरात उभा राहील. कपडे बदलायच्या खोलीत नको, ओसरीत ठेवा. अन् खरं तर मला वाटते का तुमच्या कामाला कॅमेऱ्यापेक्षा गळ्यात अडकवलेला साधा बटणाचा मोबाईल जास्त कामाचा, स्पीड डायलवर तुमचा अन् शेजारणीचा नंबर टाकून. वेचाई करताना मोबाईल पाहत कोण बसते? दोन्ही करा. चक्करचं मात्र डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न: शेजाऱ्यानं लावलेल्या कॅमेऱ्यात आमची न्हाणी दिसते. सांगितलं तर म्हणते, माझ्या भिंतीवर माझा कॅमेरा. काय करावं?
— नाव छापू नये

उत्तर: भिंत त्याची, पण न्हाणी तुमची. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६ ई असं आहे का माणसाच्या खासगी अंगाचं चित्र त्याच्या मर्जीशिवाय मुद्दाम घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण पहिल्याच दिवशी ठाण्यात जायची गरज नाही, गावात राहायचं आहे. दोन माणसं घेऊन जा अन् त्याला त्याचाच स्क्रीन दाखवायला लावा, बरेचदा मालकानंच नीट पाहिलेलं नसते. कॅमेरा एक बोट वाकडा केला का काम होते, नाहीतर तो भाग सॉफ्टवेअरमध्ये काळा करता येते, जवळपास सगळ्या डीव्हीआरमध्ये ती सोय आहे. पण काळा केलेला भाग उद्या पुन्हा उघडताही येते, म्हणून कॅमेरा फिरवून घेण्यावरच अडून राहा. तरीही ऐकलं नाही तर लेखी तक्रार करा, पोच घ्या.

प्रश्न: तुमच्या मागच्या अंकातल्या सल्ल्यानं जुन्या पीसीवर कॅमेरा बसवला. मोटार पंपाची केबल चोरताना माणूस स्पष्ट आला, पण व्हिडिओवर तारीख १ जानेवारी अन् दहा वर्षं आधीची. आता हा पुरावा धरतील काय?
— एक शेतकरी, मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला

उत्तर: आधी मीच कान पकडतो, मागच्या वेळी सेल बदलायचं सांगायचं राहून गेलं. मदरबोर्डवर, म्हणजे डब्ब्यातल्या मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असते, लाइट गेल्यावर घड्याळ त्याच्यावर चालते. तो मेला का प्रत्येक लोडशेडिंगनंतर मशीन जुन्या तारखेला जाते, अन् वर काकाजींना सांगितलेली ती बायोसची सेटिंगही विसरते.

तारीख चुकली म्हणून व्हिडिओ वाया गेला असं समजू नका, पण त्याला हात लावू नका. तारीख दुरुस्त करून नवीन फाइल बनवायचा शहाणपणा तर बिलकुल नको, तेव्हा शंका तुमच्यावरच येईल. मशीन बंद करा, हार्ड डिस्क आहे तशी राहू द्या. चालू ठेवलं अन् जुने दिवस आपोआप पुसायची सेटिंग असेल तर नेमकी तीच क्लिप जाईल. स्क्रीनसमोर मोबाईल धरून काढलेली शूटिंग गावात दाखवाले ठीक, ठाण्यात मूळ फाइल द्या अन् तक्रारीतच लिहा का मशीनचं घड्याळ चुकीचं होतं, खरी वेळ अमुक. मशीन पाहून किती फरक होता ते पंचांसमोर लिहून घेता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, एक भाग मशीनवाल्यानं म्हणजे तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, अन् त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, एक ठिपका जरी बदलला तरी अंगठा बदलते. हे कागद कसे भरायचे ते तालुक्याच्या वकिलाला विचारून घ्या.

अन् सेल आता मात्र बदलाच, काम पाच मिनिटाचं आहे. दुकानात सीआर २०३२ असा आकडा सांगूनच मागा, नुसतं घड्याळाचा सेल म्हणाल तर तो मनगटी घड्याळातला बारका काढून देते अन् तो तिथं बसत नाही.